उघडा ठेवलेला टाका

दातांच्या डॉक्टरांनी तो बोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"काकू, हा तुमचा पेशंट. दिवा लागत नाही, आवाज नाही, काही नाही. मी हात लावलेला नाही हं."

"लावला असता तर मला कळलं असतं. मागच्या वेळी लावला होतात."

"मागच्या वेळी फक्त पुसला होता."

"टूथब्रशने."

"नवा होता ब्रश!"

डॉक्टरांना जुन्या पिनबॉल मशीनचं वेड आहे. काचेखाली उतरती फळी, स्प्रिंगने उडवायची पोलादी गोळी आणि ती खाली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या बटणांनी हलवायचे दोन पंजे, असा तो खेळ. एके काळी प्रत्येक स्टेशनबाहेर, प्रत्येक खेळघरात ही यंत्रं खणखणत असायची. आता डॉक्टरांसारखे हौशी लोक ती अडगळीतून उकरून काढतात. त्यांच्या घरी अशी सात आहेत आणि बायको एक. बायको म्हणते, आठवं आलं तर ती तरी जाईल नाहीतर पहिली सात तरी. हे आठवं होतं, म्हणून ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं.

ही यंत्रं बिघडतात ती बहुतेक वेळा पोटातल्या बोर्डामुळे. हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या रेषा, आणि कथिलाच्या टाक्यांनी जोडलेले शेकडो बारीक भाग. बोर्डावरच्या बॅटरीतून आंबट पाणी झिरपतं आणि तांबं खाऊन टाकतं. ते नीट करणारी या भागात मी एकटीच उरले आहे. वय एकाहत्तर, चष्म्याचे नंबर दोन, हात अजून स्थिर.

टॉवेल सोडून मी बोर्ड उलटा केला.

बोर्ड पुढून सगळे सारखे दिसतात. माणूस कळतो तो मागून. कोण घाईने टाका देतं, कोण कथील वाया घालवतं, कुणाचा हात जड आहे, सगळं तिथे दिसतं. या बोर्डावरचे टाके उजवीकडे किंचित झुकलेले होते. डावखुऱ्या माणसाचे झुकतात तसे. जिथे रेष सडली होती तिथे वरून नवी तार टाकलेली होती, पण ती ताणून बसवलेली नव्हती. मधे एक सैल वळण ठेवून ते मेणाच्या दोऱ्याने बांधलं होतं. तारेलासुद्धा श्वास घ्यायला जागा लागते, असं म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. माझी ताई.

मी स्टुलावर बसले.

"फारच सडलाय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी केलाय हा?"

"केलाय? म्हणजे झालाय का दुरुस्त? अहो, ज्या टायरवाल्याकडून मशीन घेतलं ना, तो सांगत होता. त्याच्या गावात कुणी म्हातारी आहे. चार-पाच महिन्यांपूर्वी तिने केला म्हणे. काम झकास करते, पण डोकं जरा सरकलेलं. काम पुरं करून देतच नाही. एक टाका मोकळा ठेवते आणि सांगते, आता दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, सगळं ठीक असलं तर हा टाका तो देईल. टायरवाला म्हणाला, दुसरा आणू कुठून? वैतागला आणि मशीन मला देऊन टाकलं."

बोर्डात वीज शिरते त्या कोपऱ्यात मी भिंग नेलं. भागाचा पाय भोकातून वर आलेला होता, स्वच्छ, घासलेला. त्याला कथील लागलेलंच नव्हतं.

म्हणजे ताई जिवंत होती. चार-पाच महिन्यांपूर्वी तरी होती. चव्वेचाळीस वर्षं मला एवढंही माहीत नव्हतं.

"डॉक्टर, हा राहू दे माझ्याकडे. दोन दिवस लागतील."

"काकू, तुम्हाला बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"दातांचं बघा तुम्ही," मी म्हटलं. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ नुसती त्या झुकलेल्या टाक्यांवरून बोट फिरवत बसले.

हे दुकान आमच्या वडिलांचं. नाना जुनी यंत्रं दुरुस्त करायचे, तारा आणि कॉइलवाली. मग बोर्डवाली यंत्रं आली तेव्हा नाना म्हणाले, हे माझ्या हयातीत माझ्या डोक्यात शिरायचं नाही. ते ताईच्या डोक्यात शिरलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकमेकींसमोर दोन टेबलं, मधे एकच दिवा, ती बोर्ड करायची आणि मी बाकी सगळं. काम करताना ती खालच्या ओठाने वरचा ओठ दाबून धरायची, त्यामुळे हनुवटीला खळी पडायची. मी तिची नक्कल करायचे. ती वर न बघता म्हणायची, "ठेंगू, वारा फिरला तर तोंड तसंच राहील." मी उंचीने कमी, म्हणून ठेंगू. तिच्यानंतर मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मारली असती तर मी ओ दिली नसती.

नानांचा एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने शेवटचा टाका द्यायचा नाही. वीज जिथून आत येते तो एक टाका मोकळा ठेवायचा आणि बोर्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्याने सगळा बोर्ड तपासायचा आणि मगच तो टाका द्यायचा. चूक सापडली तर तपासणाऱ्याने ती स्वतः निस्तरायची नाही, करणाऱ्याला परत नेऊन दाखवायची. "केलेल्याला केलेलं दिसत नाही," नाना म्हणायचे. आमच्याकडे चूक माफ होती. न दाखवणं माफ नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईने मला बोर्ड दाखवला. मोठ्या खेळघराचं यंत्र होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. मला सिनेमाला जायचं होतं. बँकेतला एक कारकून तिकिटं काढून कोपऱ्यावर उभा होता. ताई हात धुवायला मागे गेली, आणि मी बोर्डाकडे न बघता तो शेवटचा टाका दिला. तिचा बोर्ड होता, त्यात काय बघायचं? ती हात पुसत आली तेव्हा मी केस नीट करत होते.

"झाला तपासून?"

"झाला."

सिनेमा कोणता होता ते आज मला आठवत नाही. कारकुनाशी पुढे काही जमलंही नाही.

एक डायोड उलटा बसला होता. डायोड म्हणजे मिरीपेक्षा थोडा मोठा, काळा भाग. एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. पट्टा चुकीच्या बाजूला गेला की त्या कॉइलची वीज थांबत नाही, कॉइल तापत जाते. फ्यूज उडायला हवा होता, पण खेळघरवाल्याने फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती. दुपारी यंत्र पेटलं. माणसं बाहेर पळाली, कुणाला इजा झाली नाही. तीन यंत्रं आणि मागची भिंत मात्र जळाली.

खेळघरवाला संध्याकाळी दुकानात आला, हातात काळा ठिक्कर पडलेला बोर्ड. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी बोर्ड हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि विचारलं, "तपासला कुणी होता?"

मी म्हटलं, "मला दाखवलाच नाही तिने. शेवटचा टाका तिनेच दिला."

का म्हटलं? भीती वाटली म्हणून. खेळघरवाला समोर उभा होता म्हणून. तोंडातून निघून गेलं म्हणून. चव्वेचाळीस वर्षांत मी खूप कारणं शोधली आणि एकही चाललं नाही.

नाना ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चुकली असतीस तर रागावलो नसतो गं. पण दाखवायचं नाही?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती नुसती वाट पाहत राहिली. मी टेबलावरचे स्क्रू डबीत भरायला घेतले. एकेक करून सगळे भरले. ती तेवढा वेळ थांबली, मग आत गेली.

नऊ दिवसांनी ती एक बॅग आणि स्वतःची कात्री घेऊन निघून गेली. मी तिला तीन पत्रं लिहिली. हवापाणी लिहिलं, नानांची तब्येत लिहिली, ते एक वाक्य तेवढं लिहिलं नाही. उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. चार वर्षांनी नाना गेले तेव्हा केलेली तार 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत आली.

बोर्ड मी तिच्या मागे राहिलेल्या वहीवरून शिकले. शेवटचा टाकाही मीच देत आले, समोरच्या टेबलावर कुणी नव्हतं. आणि तिकडे कुठल्यातरी गावात ती अनोळखी माणसांच्या हातात मोकळा टाका ठेवत राहिली होती. वेडी म्हणवून घेत. मी दाखवते, मी नेहमीच दाखवत आले आहे, हे ती टायरवाल्यांना सांगत होती, कारण ज्यांना सांगायचं ते ऐकायला नव्हते.

मी त्या बोर्डाला पूर्ण दोन दिवस दिले. मीटरची टोकं एका टाक्यावरून दुसऱ्यावर, पीं वाजलं की पुढे. तिची वही उघडून रेषेला रेष जुळवली. इतकं मन लावून मी स्वतःचंही काम कधी तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोळा नंबरच्या डायोडवर थांबले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पट्टा चुकीच्या बाजूला होता.

मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आनंद झाला. चूक सापडली होती, आणि चूक करणाऱ्याला परत नेऊन दाखवायची असते.

डॉक्टरांना फोन लावला. बसचा प्रवास माझ्या पाठीला झेपत नाही.

"डॉक्टर, मला त्या म्हातारीकडे घेऊन चला."

"का हो? बोर्ड झाला नाही?"

"त्यात तिची एक चूक आहे."

"मग तुम्हीच करा ना ठीक! तीन तासांचा रस्ता आहे काकू. एवढ्या लांब भांडायला जायचं?"

"माझी सख्खी बहीण आहे ती."

डॉक्टर म्हणाले, "असं होय. मग भांडायला जायलाच हवं."

ती एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्यामागे दोन खोल्यांत राहत होती. दार उघडंच होतं. कपाळावर भिंग चढवलेली, आखूड पांढऱ्या केसांची एक बारकी बाई खिडकीशी काहीतरी घासत बसली होती. खालच्या ओठाने वरचा ओठ दाबलेला. माझे पाय उंबऱ्यातच थांबले.

तिने भिंग खाली ओढून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टॉवेलाकडे, मग जमिनीकडे.

"पाय पूस," ती म्हणाली.

मी पाय पुसले. माझ्या मागे डॉक्टरांनीही पुसले.

"हे कोण?"

"दातांचे डॉक्टर. बोर्ड यांचा आहे."

"माझे सगळे पडले. उशीर केलात," ताई त्यांना म्हणाली. हसावं की नाही हे डॉक्टरांना कळेना.

मी बोर्ड तिच्या टेबलावर ठेवला. गाडीत तीन तास जे काही जुळवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. "सोळा नंबरचा डायोड उलटा आहे," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"मी. तपासला."

"सगळा?"

"सगळा. दोन दिवस घेतले."

तिने बोर्ड खिडकीकडे धरला. खूप वेळ पाहिला. "आहे खरा," ती म्हणाली. "तो पट्टा दिसत नाही आता मला. उजेडात धरून अंदाजाने लावते."

"ताई, त्या दिवशीचा टाका मी दिला होता. तू मला दाखवला होतास. मी न बघता दिला."

तिने बोर्ड खाली ठेवला. "मला काय सांगतेस? मी होते ना तिथे."

"मग कुणाला सांगू? नाना नाहीत."

"नाना नाहीत हे मला परक्या माणसाकडून कळलं. दीड वर्षाने."

"तार केली होती गं. परत आली."

"येणारच. ती खोली मी सोडली होती." पदार्थ करपलेला कळावा तसं तिचं नाक किंचित आक्रसलं. मग ती डॉक्टरांकडे वळली. "बसा हो तुम्ही. हिला काहीतरी सांगायचं आहे."

"मला?" डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत आहे ते. मला एकटीला ऐकून काय करायचंय? तेव्हा तिसरा माणूस उभा होता. आज तुम्ही आहात. ऐका."

तेव्हा मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एका दंतवैद्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. सिनेमा सांगितला, कारकून सांगितला, डबीत भरलेले स्क्रू सांगितले. डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मधेच "हं" म्हणत होते, दाढ दुखतेय सांगणाऱ्याला म्हणतात तसं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

मी थांबले तेव्हा डॉक्टर चाचरत म्हणाले, "म्हणजे... चूक तशी दोघींचीच म्हणायची?"

"चूक माझीच," ताई लगेच म्हणाली. "डायोड मी उलटा लावला होता. ते मी कधी नाकारलं नाही. पण मी दाखवला होता."

"दाखवला होता," मी म्हटलं.

"पुन्हा म्हण."

"तू मला दाखवला होतास, ताई."

तिने मान हलवली आणि उठून चहाचं पाणी ठेवलं.

मला वाटलं होतं, आता ती जवळ घेईल. निदान रागावेल. तिने तीन कप चहा केला, डॉक्टरांना कवळीबद्दल चार प्रश्न विचारले, माझ्या कपात साखर घालायची का ते मला विचारलं नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. बोटं वाकडी झाली होती, नखांच्या कडा कथिलाने काळ्या. डाव्या अंगठ्यावर चटक्याचा जुना डाग होता, मी पाहिला होता तेव्हा तो ताजा होता. नवरा, मुलं, आजारपणं, या खोलीतले हिवाळे, मला काहीच माहीत नव्हतं, आणि विचारायचा हक्क कुठून सुरू होतो हेही कळत नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "बोर्ड ठेव इथे. डायोड फिरवून पाठवते."

"मी थांबते की. पाच मिनिटांचं काम आहे."

"माझं आता काहीच पाच मिनिटांचं राहिलं नाही. जा तू." मग दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "अजून आहेत." तिच्या मागे फळीवर कागदात गुंडाळलेले बोर्ड उभे होते, लोक परत न्यायला आलेच नव्हते असे. "महिन्याला एक पाठवीन. तपासशील?"

"तपासीन."

"ठेंगू, न बघता टाका दिलास तर मला इथे बसून कळेल."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग डॉक्टरांनी विचारलं, "काकू, माफ केलं का त्यांनी?"

"काम दिलंय," मी म्हटलं.

डायोड फिरवलेला बोर्ड आठवड्याने आला. मी तो पुन्हा सगळा तपासला, टाका दिला, आणि डॉक्टरांचं आठवं यंत्र दवाखान्याच्या मागे इतक्या मोठ्याने खणखणलं की खुर्चीतला पेशंट उठून बसला. बायकोलाही त्याच दिवशी कळलं. ते वेगळं प्रकरण.

महिन्याभराने फळीवरचा पहिला बोर्ड आला. कागद सोडताना मी चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. मी कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, पाकिटाच्या घड्या उलगडल्या. काही नाही. नुसता बोर्ड आणि मोकळा टाका.

मी समोरच्या टेबलावरची खोकी उतरवली आणि दिवा मधे आणला. मग तपासायला बसले. पहिल्या दिवशी अर्धा झाला, दुसऱ्या दिवशी उरलेला. चूक नव्हती. प्रत्येक डायोड सरळ, तिने कुणाकडून तरी पट्टे बघून घेतले असणार. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मीटर पीं म्हणेल तिथे मला वाईट वाटत होतं. एक तरी पाय सुटलेला निघावा, एक तरी रेष तुटलेली. माझ्या हातून आजवर शेकडो बोर्ड गेले, पण चूक सापडावी म्हणून असा जीव कधी टांगणीला लागला नव्हता. सापडली नाही. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, अंदाजाने, तिने निर्दोष काम केलं होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचाच फोन आला.

"झाला का काकू? टाका देऊन टाका म्हणजे तो परत पाठवायची सोय मी करतो."

"अजून दिला नाही."

"काही निघालं का त्यात?"

समोर बोर्ड पडला होता. "काही नाही निघालं," मी म्हटलं. "पण नीट तपासला का, असं ती विचारणार. फोनवर सांगितलेलं तिला पटायचं नाही. समोर बसून सांगायला हवं."

"म्हणजे रविवारी निघू या?"

"शुक्रवारी दवाखाना बंद ठेवता येतो का ते बघा ना."

ते हसायला लागले. मी हसले नाही. फोन कानाशी धरून त्यांच्या होकाराची वाट पाहत राहिले.